घराला वळसा

दरवर्षी पौष लागला की आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटतो. शनिवारी संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोपटी आहे, अंडं न खाणाऱ्यांनी आधी नाव द्यावं, चिकन आपापलं मसाला लावून आणावं. हा कागद दिसला की माझं चित्त उडतं ते आठवडाभर ठिकाणावर येत नाही. दूध उतू जातं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. आमचे हे म्हणतात, "लागली हिला थंडी." थंडी मला कधीच बाधली नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पोपटी म्हणजे काय हे पनवेलबाहेरच्या माणसाला सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. पोपटाशी तिचा संबंध नाही, हे आधी सांगावं लागतं. भात कापून झालं की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. थंडी मुरली की त्याच्या शेंगा भरतात. त्या अख्ख्या शेंगा मडक्यात भरायच्या, जाडं मीठ आणि ओवा लावायचा, वाटलं तर मध्ये बटाटे, अंडी, कोंबडी. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला गच्च कोंबायचा. भांबुर्डा म्हणजे बांधावर उगवणारं, उग्र वासाचं झुडूप, एरवी त्याला कुणी विचारत नाही. मग मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा आणि पातेरा, म्हणजे सुका पाला, रचून पेटवायचा. पाण्याचा थेंब आत जात नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्रकन आवाज आला की झालं.

माझी आई आता आमच्याकडेच असते. खाली प्लॉटवर जाळ झाला की ती गॅलरीत खुर्ची ओढून बसते. धूर वर येतो, त्यात तो भांबुर्ड्याचा वास असतो, आणि ती डोळे मिटून घेते. खाली चल म्हटलं तर येत नाही. सोसायटीतली मुलं मोठ्या प्रेमाने तिच्यासाठी वाटीभर शेंगा वर आणून देतात. त्या ती एकेक करून सोलते, दाणे खाते आणि सालं हातात धरून बराच वेळ बसून राहते. काय आठवतंय हे मी विचारत नाही, कारण मलाही तेच आठवत असतं.

आमचं घर कर्नाळ्याच्या अलीकडे होतं, हायवे सोडून आत. 'आमचं घर' असं मी सवयीने लिहिलं. घर गिरगावातल्या एका डॉक्टरांचं होतं. गावात त्याला डागदराचा बंगला म्हणत. कौलारू छप्पर, दगडी जोतं, पुढे लांबरुंद ओटी आणि तिला उतरत्या पायऱ्या, दोन फळ्यांचं सागवानी दार, मागे पडवी, पडवीच्या पुढे विहीर आणि विहिरीपलीकडे आमच्या दोन खोल्या. ओटीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, आभाळाला अंगठा दाखवल्यासारखा. डॉक्टरांच्या वडिलांनी हवापालटासाठी हा बंगला बांधला, आणि माझे वडील लग्नाआधीपासून तिथे राखणीला होते. डॉक्टरांचं बिऱ्हाड मे महिन्यात काही दिवस यायचं आणि माघात एकदा, पोपटीला. बाकी सगळं वर्ष बंगला आणि आम्ही.

वर्षभर ज्या घरात आपण वावरतो, ज्याच्या कौलांतून कुठे गळतं हे आपल्याला पाठ असतं, ते घर आपलं नाही, हे लहान मुलाच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. माझ्या डोक्यात ते एका दुपारी शिरलं.

बाबांचा एक रिवाज होता. रोज सकाळी ते मागच्या दाराने बंगल्यात शिरत, खिडक्या उघडत, मग दिवाणखान्यातून पुढे येऊन आतून कडी काढत आणि पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडत. घराला वारा लागला पाहिजे, नाहीतर वाळवी धरते. आता समोर ओटी, हातात केरसुणी, उंबरा ओलांडला की झालं. पण बाबा उंबरा ओलांडत नसत. ते पाठ फिरवून सगळं घर चालत मागे जात, पडवीतून बाहेर पडत, आणि घराला वळसा घालून, पुढच्या पायऱ्या चढून ओटीवर येत. ओटी झाडत. मग पुन्हा वळसा घालून मागून आत, आणि संध्याकाळी आतूनच दार लावून घेत. पावसाळ्यात तेवढ्या वळशाने ते भिजून जात, तरी हाच क्रम. आईचंही तेच. आईने कधी ओटीवर धान्य उन्हात घातलं असेल तर तेही मागून नेऊन.

त्या दुपारी दार उघडं होतं. मी दिवाणखान्यात खेळत होते आणि धावता धावता उंबऱ्यावरून उडी मारून सरळ ओटीवर आले. बाबा खाली अंगणात पालापाचोळा गोळा करत होते. त्यांनी मला मारलं नाही. ओरडलेही नाहीत. त्यांनी माझा हात धरला, पायऱ्या उतरवून मला घराला वळसा घालून मागे नेलं, पडवीतून आत घातलं, पुन्हा पडवीतून बाहेर काढलं आणि तसाच वळसा घालून ओटीवर, मी आधी जिथे उभी होते तिथेच आणून सोडलं.

"हां, आता हुबी रा," ते म्हणाले.

मला हसू आलं होतं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. त्यांनी माझी फजिती केली नव्हती. त्यांना खरोखर वाटत होतं, की मी चुकीच्या वाटेने आले होते आणि आता बरोबर वाटेने आले. रात्री मी आईला विचारलं, की बंगल्यात कुणीच नसताना पुढचं दार आपल्याला का चालत नाही. आईने भाकरी थापता थापता सांगितलं, "फुडलं दार त्येंचं हाय, बाय. मागलं आपलं."

असं कुणी ठरवून दिलं होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. डॉक्टर माणूस चांगला. त्यांच्या बाईंनी मला पुस्तकं दिली, मी मॅट्रिक झाले तेव्हा गिरगावातून पेढे पाठवले. तुम्ही पुढून येऊ नका असं त्यांच्यापैकी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. पुढून या, असं म्हटल्याचंही आठवत नाही. दोन्हींतलं काहीच कुणी बोललं नाही आणि माझ्या बाबांचं आयुष्य त्या न बोललेल्याभोवती वळसे घालण्यात गेलं. चीड येते का, असं माझी लेक मला विचारते. चीड येते. पण थंडीच्या दिवसांत चिडीपेक्षा त्या घराची ओढ जास्त येते, त्याला मी काय करू?

कारण पोपटीचा दिवस. त्या दिवशी गोष्ट उलटी व्हायची. शेत बंगल्याच्या मागे, त्यामुळे पोपटी मागे. संध्याकाळी डॉक्टर, बाई, त्यांचे गिरगावातले पाहुणे, सगळे एकामागून एक दिवाणखान्यातून, स्वयंपाकघरातून, आमच्या पडवीतून वाकून बाहेर यायचे. पडवीचं दार बुटकं. डॉक्टर उंच, दरवर्षी त्यांचं डोकं आपटायचं आणि दरवर्षी बाबा "संभाळून, साहेब" म्हणायचे ते आपटल्यावर. मग सगळे शेतात गोणपाटावर बसायचे. वरून दव उतरत असायचं, पाठ गार आणि तोंड जाळाकडे गरम. बाबा काठीने मडकं बाजूला घेत, फडक्याने धरून उपडं करत आणि पेंढ्यावर अंथरलेल्या केळीच्या पानांवर शेंगांचा ढीग ओतत. वाफेबरोबर भांबुर्ड्याचा वास नाकात जायचा. त्या ढिगाला पुढचं दार नव्हतं आणि मागचं नव्हतं. डॉक्टरांचा हात, माझा हात, आईचा, बाईंचा, सगळे काळे. एकदा डॉक्टरांनी स्वतः एक भरलेली शेंग सोलून माझ्या तळहातावर दाणे ठेवले होते. मला ते दाणे अजून आठवतात, कोमट, थोडे सुरकुतलेले. जेवण झालं की पाहुणे पडवीतून आत जात आणि पडवीतलं दार आईने बाहेरून ओढून घ्यायचं. मागे शेतात नुसती राख धुमसत राहायची.

डॉक्टर गेले, बाई गेल्या. मुलं परदेशात. बंगला विकला तेव्हा धाकटा मुलगा आला होता, नम्र होता, बाबांच्या पाया पडला. बाबांनी शेवटचं घर फिरून पाहिलं, खिडक्या लावल्या, पुढच्या दाराला आतून कडी घातली, वर लाकडी आडणा घातला, मागून बाहेर आले आणि पडवीला कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात दिली. मी तेव्हा पनवेलला नोकरीला लागले होते, दोघांना माझ्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आले. बाबा फार दिवस जगले नाहीत. त्या रस्त्याने पेणला जायची वेळ आली तर ते एसटीत पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसत. त्यांच्यामागे आईला मी कितीदा तरी म्हटलं, एकदा जाऊन बघून येऊ. आईचं उत्तर ठरलेलं. "इकलेल्या म्हशीच्या गोठ्यात कोन जातं?"

गेल्या पौषात लेकीने पुण्याहून माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. 'आई, हेच का गं तुझं ते घर?' पाहिलं तर आमचीच ओटी. खांबांना नवं पॉलिश, कौलं घासूनपुसून लाल, आणि वर कमानीत हिरवागार पोपट. बंगल्याचं आता हॉटेल झालं होतं, नाव इंग्रजी अक्षरांत, 'पोपटी हाउस'. मी इतकी हसले की आमचे हे धावत आले. कुणीतरी बाहेरचा हुशार माणूस आला असणार, गावकऱ्यांना विचारलं असणार की इथलं प्रसिद्ध काय, आणि उत्तराचा त्याने पोपट केला. लेकीने मात्र विचारलंही नाही, तिने माझ्या आणि आईच्या नावाने एका रात्रीची खोली घेऊन टाकली. तिथे पोपटी असते त्या शनिवारची.

आई तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. तिने फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "दार तेच हाय." आणि शनिवारी सकाळपासून लुगडं नेसून बसली.

रिक्षा फाटकातून आत गेली. आजूबाजूच्या शेतांत प्लॉटिंगचे खांब, वर विमानाचा आवाज, पण फाटकापासून ओटीपर्यंतची वाट तशीच वळत होती. मी रिक्षावाल्याशी बोलून, पिशवी उतरवून मागे पाहते तर आई नाही. कुठे गेली असेल हे मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं ती पुढे होऊन आत गेली, म्हणून मी पायऱ्या चढले. दारात माझा पाय अडखळला, हे खरं. मग मी उंबरा ओलांडला.

आत काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती, जवळच्याच गावातली, नाव वैशाली. आजी आत आल्या का, विचारलं तर ती म्हणाली नाही. ती शोधायला उठली आणि मी भिंतीवर लटकवलेला एक चकचकीत फलक वाचत उभी राहिले. त्यावर या वास्तूचा इतिहास होता. कुणा गोऱ्या साहेबाने आपल्या आजारी मडमेसाठी हे घर बांधलं. मडमेला पोपटांचा भारी नाद, तिने इथे पुष्कळ पोपट पाळले, म्हणून गावकरी या घराला पोपटी म्हणू लागले. खाली एका जुन्या बाईचं चित्र, हातावर पोपट. मी दोनदा वाचलं. डॉक्टर नव्हते, त्यांचे वडील नव्हते, गिरगाव नव्हतं. आम्ही नव्हतो हे तर ओघानेच आलं. गंमत म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की डॉक्टर आणि बाबा एकाच बाजूला आहेत.

वैशाली परत आली ती जीभ चावत. "मॅडम, तुम्ही जरा मागे येता का?"

मागची पडवी आता स्वयंपाकघराचा भाग झाली आहे. विहिरीवर जाळी आहे. आमच्या दोन खोल्यांत चादरी आणि टॉवेल ठेवतात. पडवीत संध्याकाळच्या पोपटीसाठी शेंगांची रास पडली होती, भोवती गावातल्या तीन बायका शेंगा निवडत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात चौथी माझी आई. पदर खोचलेला, मांडीवर टोपली, किडकी शेंग बाजूला, भरलेली टोपलीत. घडलं होतं ते साधं होतं. कामाला आणखी एक मावशी यायची होती, ती आली नव्हती. म्हातारी बाई मागच्या दाराने न विचारता आत आली, सवयीने पाय धुऊन बसली, तेव्हा सगळ्यांना वाटलं हीच ती. कुणीतरी टोपली दिली. आईने घेतली.

मला भयंकर लाजही वाटली आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, आई, ऊठ. वैशाली तर रडकुंडीला आली होती, मॅनेजरला कळलं तर काय होईल या भीतीने. ती आईसमोर उकिडवी बसली, टोपली हळूच काढून घेतली आणि तिला शिकवलेलं, दिवसातून कितीतरी जणांना म्हणायचं वाक्य म्हणाली, "आजी, तुम्ही काम नाही करायचं. तुम्ही गेस्ट आहात. आपलंच घर समजा."

"तेच समजून बसले व्हते गं," आई म्हणाली.

बायका हसल्या, वैशालीही हसली. मी हसले नाही. त्या घरात हे वाक्य कुणीतरी कुणालातरी म्हणावं म्हणून किती वर्षं गेली होती, आणि ते म्हटलं एका पगारी मुलीने, पाठ केलेलं. तरी ते म्हटलं गेलं होतं. बाबांनी ऐकायला हवं होतं.

आई उठली, पण पुढे यायला तयार होईना. आतल्या आत, स्वयंपाकघरातून खोलीत गेली. संध्याकाळी पोपटी मात्र झकास झाली. लावणारा पोरगा शेजारच्या गावचा होता, त्याचा हात चांगला. मुंबईहून आलेली मंडळी मोबाइल घेऊन मडक्याभोवती उभी होती, बसायला खुर्च्या होत्या. आईला खुर्ची दिली तर ती खाली बसली. पहिली शेंग खाऊन तिने मान हलवली. "मीठ बराबर हाय." मी तिला भिंतीवरचा इतिहास वाचून दाखवला होता, त्याची आठवण होऊन मध्येच म्हणाली, "मंग तुजा बापूस पोपटांचं पिंजरं झाडीत व्हता म्हनायचा." आणि आम्ही दोघी तोंडाला काळे हात लावून हसत सुटलो. मग ती पडवीच्या दाराकडे बघत बसली. दार आता उंच केलं आहे, कुणाचं डोकं आपटत नाही.

फलकाबद्दल मी काही बोलले नाही. वैशालीला सांगावंसं वाटलं होतं. पण सांगायला गेले असते तर डॉक्टरांच्या वडिलांपासून सांगावं लागलं असतं, आणि आमचं नाव त्यात कुठे घालायचं हे मला सुचलं नसतं. इथे लिहिलं आहे, तेवढं पुरे.

सकाळी निघताना मी पिशवी उचलली आणि सवयीने मागच्या दाराकडे वळले. आई पुढे चालू लागली. दिवाणखान्यातून, फलकाजवळून, काउंटरसमोरून, हळूहळू, भिंतीला हात लावत. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी ती थांबली. मी तिचा हात धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला, चपला पायातच ठेवल्या आणि उंबरा ओलांडला.

ओटीवर गेल्यावर मला वाटलं ती सुळका बघेल. ती उलटी वळली. दाराची एक फळी तिने ओढली, मग दुसरी. दुसरी फळी जड आहे, ती किंचित उचलून घ्यावी लागते, तिने तशी उचलली आणि दोन्ही फळ्या जुळवून दार घट्ट लावून घेतलं. आत वैशाली चकित होऊन "आजी, आजी" करत होती.

"तुजा बापूस जनमभर आतून लावीत आला," आई म्हणाली. "येकदा भायेरून लावाया पायजे व्हतं."

तिने लुगड्याचा पदर सारखा केला, पायऱ्या उतरली आणि सरळ फाटकाकडे चालू लागली.